दश्शीवर बत्तीस हजार

मन्सूर मतलूबीने आपल्या पुढ्यातल्या सगळ्या चिप्स टेबलाच्या मध्यभागी सरकवल्या. ३२,००० डॉलर. मध्ये तोवर जमलेली रक्कम होती १५,२००. जे मिळवायचे, त्याच्या दुपटीहून अधिक त्याने पणाला लावले होते. पाचही पत्ते टेबलावर उघडे पडलेले होते : दोन तिर्र्या, एक सत्ती, राजा आणि राणी. आणखी एकही पत्ता यायचा नव्हता. समोर बसलेल्या स्टू अंगरच्या हातात होती दश्शी आणि नव्वी. जोडी नाही, सलग पाच नाहीत, एका चिन्हाचे पाच नाहीत. पोकरच्या भाषेत त्याच्याकडे काहीच नव्हते.

अंगर थोडा वेळ बघत राहिला. मग त्याने मतलूबीला सांगितले, तुझ्याकडे चव्वी-पंजी असेल नाहीतर पंजी-छक्की. आणि दश्शी-नव्वी उलटी करून त्याने ३२,००० डॉलर पुढे ढकलले. मतलूबीकडे पंजी आणि चव्वीच होती. टेबलावरच्या तिर्र्यांची जोडी दोघांचीही, राजा आणि राणीही दोघांची. पाचवा पत्ता मतलूबीला टेबलावरची सत्ती घ्यावी लागत होती, अंगरला हातातली दश्शी. तेवढ्या एका दश्शीवर तो डाव अंगरने जिंकला.

पोकर खेळणाऱ्यांच्या पिढ्यांनी हा डाव एकमेकांना सांगितला आहे. मतलूबी काही नवशिक्या नव्हता. इराणमध्ये जन्मलेला आणि ब्रिटनमध्ये राहणारा हा खेळाडू १९९० साली लास वेगसच्या ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ची मुख्य स्पर्धा जिंकलेला होता, अमेरिकेबाहेरचा पहिला विजेता. न्यूयॉर्कमध्ये वाढलेला अंगर मुळात जिन रमीचा खेळाडू. त्या खेळात त्याच्याशी पैसे लावायला कोणी तयार होईना, म्हणून तो पोकरकडे वळला आणि १९८० व १९८१ अशी लागोपाठ दोन वर्षे तीच मुख्य स्पर्धा जिंकून गेला. त्याची स्मरणशक्ती विलक्षण होती. पत्ते मोजतो म्हणून ब्लॅकजॅकच्या टेबलांवर कॅसिनोवाले त्याला बसू देत नसत. त्यामुळे दश्शीवर घेतलेला हा कॉल त्याच्या अलौकिक नजरेचा पुरावा म्हणून सांगितला जातो. नजर होतीच. पण हा डाव कागदावर मांडून मागे मागे वाचत गेले, तर त्यात दिव्यदृष्टीपेक्षा बेरीज-वजाबाकी जास्त सापडते, आणि ती बेरीज-वजाबाकी कोणालाही शिकता येण्यासारखी आहे.

खेळाचा सांगाडा अगदी साधा. ‘टेक्सस होल्डेम’ या प्रकारात प्रत्येकाला दोन झाकलेले पत्ते मिळतात. मग टेबलावर आधी तीन पत्ते उघडतात, तो फ्लॉप. नंतर एक, तो टर्न. शेवटी आणखी एक, तो रिव्हर. हातातले दोन आणि टेबलावरचे पाच अशा सातांतून सर्वांत चांगले पाच निवडायचे. प्रत्येक टप्प्यावर पैज लावता येते. समोरच्याने पैज लावली की तेवढेच पैसे घालून कॉल करायचा, वाढवायची, नाहीतर पत्ते टाकून द्यायचे. टेबलावर साठत जाणाऱ्या रकमेला पॉट म्हणतात.

रिव्हरचे वेगळेपण असे की तिथे नशिबाचे काम संपलेले असते. फ्लॉपवर कॉल करणारा पुढच्या पत्त्याची आशा धरू शकतो. रिव्हरवर ती सोय नाही. समोरच्याचे दोन पत्ते ठरलेले आहेत, आपले दोन ठरलेले आहेत, कोण जिंकणार हेही ठरलेले आहे. फक्त ते एकाला कळलेले नाही.

अशा वेळी मनात पहिला प्रश्न उठतो, ‘हा थाप मारतोय का?’ साऱ्या चुकांची सुरुवात या प्रश्नापासून होते. कारण त्याचे उत्तर हो किंवा नाही असेच येऊ शकते आणि ते उत्तर त्या क्षणी कोणाकडेही नसते. विचारायचा प्रश्न वेगळा आहे : अशी पैज समोरचा शंभर वेळा लावेल, तर त्यातल्या किती वेळा ती थाप असेल? आणि आपल्याला किती वेळा पुरे आहे?

दुसऱ्या अर्ध्याचे उत्तर अचूक देता येते. अंगरला ३२,००० घालून ४७,२०० मिळवायचे होते, पॉटमधले १५,२०० आणि मतलूबीचे ३२,०००. कॉल केल्यावर एकूण ढीग होतो ७९,२०० चा. त्यात अंगरचा वाटा ३२,०००, म्हणजे सुमारे ४०.४ टक्के. शंभरपैकी ४१ वेळा मतलूबी थाप मारत असेल, तर कॉल फायद्याचा. ४५ वेळा मारत असेल असे धरू. ४५ वेळा ४७,२०० मिळाले की होतात २१,२४,०००. उरलेल्या ५५ वेळा ३२,००० गेले की होतात १७,६०,०००. शंभर डावांत ३,६४,००० डॉलर शिल्लक, डावामागे ३,६४०. बरोबर ठरण्यापेक्षा चूक जास्त वेळा ठरूनही पैसे मिळाले.

हेच गणित वेगवेगळ्या आकारांच्या पैजांना लावून पाहिले की एक गंमत दिसते. पॉटच्या निम्मी पैज आली तर २५ टक्के वेळा बरोबर ठरणे पुरते. पॉटएवढी आली तर ३३ टक्के. दुप्पट आली तर ४०, तिप्पट आली तर ४३, दहापट आली तर ४८ च्या आत. पैज कितीही फुगवा, आकडा ५० ला पोचत नाही, कारण पॉटमध्ये आधीची काही ना काही रक्कम असतेच आणि ती कॉल करणाऱ्याच्या बाजूने झुकते माप टाकते. माणसाला मात्र उलटे वाटते. मोठी पैज बघितली की ‘आता अगदी खात्री असल्याशिवाय कॉल नको’ असे मन सांगते. खात्रीची गरज पोकरमध्ये कधीच नसते. पैज निम्म्या पॉटवरून दुप्पट पॉटवर गेली, म्हणजे चौपट झाली, तरी लागणारा विश्वास २५ वरून ४० वर जातो, एवढेच.

मग मोठी पैज भीतिदायक का ठरते? तिने किंमत फार बदलत नाही, पण पैज लावणाऱ्याच्या हाताबद्दल ती वेगळीच बातमी देते.

ही बातमी वाचायला गणितज्ञांनी शिकवले. जॉन फॉन नॉयमान यांनी १९२८ साली द्यूतसिद्धांताचे मूलभूत प्रमेय मांडले आणि १९४४ साली ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्याबरोबर लिहिलेल्या ग्रंथात पोकरला एक स्वतंत्र विभाग दिला. त्यांनी खेळ अगदी सोलून घेतला. पत्त्यांऐवजी प्रत्येकाला शून्य ते एकच्या मधला एक आकडा, मोठा आकडा जिंकणार, पैज एकदाच. एवढ्या साध्या खेळातही निघालेले उत्तर चकित करणारे होते. उत्तम आकड्यांवर पैज लावावी हे कोणीही सांगेल. पण थाप मारायला निवडायचे ते सर्वांत वाईट आकडे. मधल्यांवर पैज लावायचीच नाही, ते गप्प राहून दाखवायचे.

थोडा विचार केला की हे पटते. मधला हात दाखवला तर कधीमधी जिंकू शकतो. त्याच्यावर मोठी पैज लावली तर त्याच्याहून कमकुवत पत्ते निघून जातात आणि फक्त त्याला हरवणारे कॉल करतात. ज्या हाताला दाखवून जिंकण्याची काहीच आशा नाही, त्याला थापेत वापरून गमवायचे काय? म्हणून पैज जितकी मोठी, तितकी ती दोन टोकांची होत जाते. एकतर फार चांगले काहीतरी आहे, नाहीतर काहीच नाही. मधले कोणी नाही.

याचा परिणाम कॉल करणाऱ्याच्या हातावर होतो आणि तो पचवायला जड आहे. समोरचा दोन टोकांवर उभा असेल तर आपली सत्तीची जोडी आणि राजाची जोडी यांच्यात जवळपास फरक उरत नाही. दोन्ही थापेला हरवतात, दोन्ही खऱ्या हाताकडून हरतात. ‘माझे पत्ते बरे आहेत म्हणून कॉल करतो’ हे वाक्य तिथे निरर्थक होते. अंगरची दश्शी याच कारणाने चालली. जोडीइतकी ती सुरक्षित नव्हती, कारण गुलाम किंवा एक्का हाती धरून मारलेल्या थापेपुढे ती हरली असती. पण एक्कावाला माणूस बहुधा थाप मारत नाही. फॉन नॉयमान यांच्या भाषेत तो मधला आहे, पत्ते दाखवूनही त्याला जिंकण्याची आशा असते.

आता तो डाव उलटा वाचू.

पत्ते वाटल्यावर अंगरने १,६०० ची पैज लावली, मतलूबीने कॉल केला. पॉट ३,२००. फ्लॉपवर सत्ती आणि दोन तिर्र्या आल्या. अंगरने ६,००० लावले, मतलूबीने पुन्हा कॉल केला. टर्नला राजा आला आणि दोघांनीही चेक केले, म्हणजे कोणी काही लावले नाही. रिव्हरला राणी आली आणि मतलूबीने एकदम ३२,००० ढकलले.

मतलूबीकडे सत्ती असती तर? सत्तीची जोडी म्हणजे मधला हात. तो टर्नला चेक करेल हे ठीक, पण रिव्हरवर सगळे पैसे कशाला लावेल? राजा असता तर? मग फ्लॉपवर ६,००० कशाच्या जोरावर घातले, हे सांगता यायला हवे. आणि राजाची जोडी लागलेला माणूस एवढी पैज लावून गिऱ्हाईक पळवून लावत नाही, थोडके मागून कॉल मिळवायला बघतो. तिर्री असती तर? टेबलावर दोन तिर्र्या दिसत होत्या, म्हणजे गड्डीत दोनच उरल्या होत्या. एक्का-तिर्री धरण्याच्या रीती चार गुणिले दोन, आठ. सत्तीच्या दोन पत्त्यांनी फुल हाउस, म्हणजे तीन सत्त्या आणि तिर्र्यांची जोडी, झालेला हात धरण्याच्या रीती तीन. खरे, भारी आणि या चालीशी जुळणारे हात हे एवढे, अकराच्या आसपास.

आणि थापेचे? सत्ती-तिर्रीच्या फ्लॉपवर एकाच पत्त्याने सलग पाच पुरे होतील अशा तीन जोड्या बसतात : चव्वी-पंजी, पंजी-छक्की, चव्वी-छक्की. सावध खेळाडू असे हलके पत्ते दोन्ही एकाच चिन्हाचे असतील तरच धरतो असे मानले, तरी प्रत्येकी चार, एकूण बारा. अंगरच्या दश्शी-नव्वीमुळे यातला एकही कमी होत नव्हता, कारण त्याच्या हातात ना चव्वी होती ना पंजी ना छक्की.

बारा विरुद्ध अकरा. बाराही वेळा मतलूबीने थाप मारली, तर थापेचे प्रमाण ५२ टक्के पडते आणि कॉल सहज बसतो. बारांतून सहाच वेळा धाडस केले, तर सतरांत सहा, ३५ टक्के, आणि कॉल तोट्यात जातो. आठ वेळा केले तर एकोणिसांत आठ, ४२ टक्के, म्हणजे जेमतेम फायदा. सारा निकाल या सहा आणि आठच्या फटीत आहे. ही फट गणिताने भरत नाही. ती समोरच्या माणसाच्या ओळखीने भरते. तो किती वेळ खेळला आहे, हरतो आहे की जिंकतो आहे, याआधी चुकलेल्या डावांत गप्प बसला की तुटून पडला. अंगरला मतलूबीबद्दल हे ठाऊक होते. त्याचा खरा हुन्नर तिथे होता. पण गणिताने त्याला त्या फटीपर्यंत आणून सोडले होते, हे विसरून चालणार नाही.

दिवाळीत तीन पत्ती खेळलेल्या माणसाला इथे एक मोठा फरक जाणवेल. तीन पत्तीत टेबलावर उघडा पत्ता नसतो. ब्लाइंड खेळणे, पाहून चाल करणे, शो मागणे, पॅक होणे, सगळा संवाद पैशांचा आणि चेहऱ्यांचा. होल्डेममध्ये पाच उघडे पत्ते एकेक करून येतात आणि प्रत्येक पत्त्यावर समोरच्याने काय केले याची नोंद मागे राहते. म्हणून तिथे गोष्ट उलटी वाचता येते. गोव्यात मांडवीतल्या तरंगत्या कॅसिनोंमध्ये पोकरची टेबले लागतात, तिथे तीन पत्तीच्या सवयीने बसणाऱ्याचा गोंधळ नेमका इथे होतो. तो रिव्हरची पैज एकटी बघतो, मागच्या तीन टप्प्यांशी जोडून बघत नाही. भारतात पैसे लावून ऑनलाइन खेळण्यावर मात्र ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने बंदी आली आहे.

यंत्रे या खेळात उतरली तेव्हा मोठ्या पैजांचा धाक नव्याने जाणवला. २०१५ साली पिट्सबर्गच्या रिव्हर्स कॅसिनोत कार्नेगी मेलन विद्यापीठाचा ‘क्लॉडिको’ हा प्रोग्रॅम चार व्यावसायिक खेळाडूंशी ८०,००० डाव खेळला. त्यात तो ७,३२,७१३ चिप्सनी मागे पडला. त्याच्या काही चाली तर माणसांना हसण्यावारी न्याव्याशा वाटल्या. ७०० चा पॉट मिळवायला त्याने १९,००० लावल्याचे उदाहरण डग पोक या खेळाडूने सांगितले. अशा पैजेला कॉल करायला ४९.१ टक्के विश्वास हवा, म्हणजे जवळपास नाणे उडवण्याइतका. जिंकायचे इतके थोडे आणि पणाला इतके जास्त, असा व्यवहार कोणताही माणूस करत नाही.

दोनच वर्षांनी, जानेवारी २०१७ मध्ये, त्याच कॅसिनोत ‘लिब्राटस’ आला. नोम ब्राउन आणि तुओमास सँडहोम यांनी घडवलेला हा प्रोग्रॅम डाँग किम, जेसन लेस, जिमी चू आणि डॅनियल मॅकॉले या चौघांशी वीस दिवसांत १,२०,००० डाव खेळला आणि १७,६६,२५० चिप्सनी जिंकला. पैजांचे प्रचंड आकार त्याच्याकडेही होते. पण आता त्या आकारांमागे भारी हात आणि थापा यांचे प्रमाण बसवलेले होते. खेळाडू रोज रात्री एकत्र बसून त्याच्या चुका शोधत आणि त्याच रात्री महासंगणकावर तो आपल्या चालींतल्या उघड्या पडलेल्या जागा बुजवत असे. सकाळी खेळाडू यायचे तेव्हा काल सापडलेले भोक बंद झालेले असायचे.

प्रमाण म्हणजे नेमके काय, हे दुप्पट पॉटच्या पैजेवर समजून घेता येते. लावणारा दोन रुपये घालून एक रुपया मिळवू बघतो. समोरच्याने तीनांत दोनपेक्षा जास्त वेळा पत्ते टाकले, तर कोणत्याही पत्त्यांवर मारलेली थाप फायद्यात जाते. म्हणून कॉल करणाऱ्याने अशा जागी आलेल्या हातांपैकी साधारण एक तृतीयांश तरी टिकवले पाहिजेत. लावणाऱ्याने तीन भारी हातांमागे दोन थापा ठेवल्या की कॉल करणारा काहीही करो, त्याला फायदा होत नाही. दोघांनी हे पाळले तर दोघेही एकमेकांना लुटू शकत नाहीत. २०१५ पासून घरच्या संगणकावर असे हिशेब करून देणारे ‘पायोसॉल्व्हर’सारखे प्रोग्रॅम विकत मिळू लागले आणि पिढीच बदलली. दुप्पट पॉटची पैज आता तरुण खेळाडूंच्या रोजच्या खेळात आहे. त्या पैजेपुढे तीनांत दोन वेळा पत्ते टाकणे बरोबर आहे, हेही त्यांना ठाऊक आहे. जुन्या पिढीला प्रत्येक वेळी पत्ते टाकताना आपण लुटले गेलो असे वाटायचे.

तरीही हे संतुलन यंत्राशी किंवा यंत्रावर शिकलेल्या माणसाशी खेळताना कामाचे. साध्या टेबलांवर बहुतेक माणसे तीनांमागे दोन थापा मारत नाहीत. मोठी रक्कम ढकलताना हात जड होतो आणि काहीही नसताना ती ढकलायला एक वेगळे काळीज लागते. म्हणून थोड्या रकमेच्या खेळांत शिकवणारे बहुतेक जण शिष्याला सांगतात की अनोळखी माणसाने रिव्हरवर अचानक मोठी पैज लावली, तर तिच्यावर विश्वास ठेव. हा सल्ला गणिताच्या विरोधात नाही. ४० टक्के लागतात आणि समोरचा २० टक्केच थापा मारतो, तर पत्ते टाकणे हेच गणित.

समोरच्याचा चेहरा वाचून निकाल लावण्याची हौस सगळ्यांना असते. २०१३ साली मायकेल स्लेपियन, नलिनी अंबाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या हौसेची परीक्षा घेतली. व्यावसायिक खेळाडू पैज लावतानाचे चित्रीकरण त्यांनी लोकांना दाखवले. काहींना फक्त चेहरा दिसत होता, काहींना फक्त चिप्स सरकवणारे हात. चेहरा बघणाऱ्यांना हाताची ताकद ओळखता आली नाही. हात आणि दंडाची हालचाल बघणाऱ्यांना मात्र योगायोगाहून अधिक ओळखता आली. चेहऱ्यावर ताबा ठेवायला खेळाडू शिकलेले असतात, मनगटाकडे कोणाचे लक्ष नसते.

मोठ्या रकमेपुढे वेळ हेसुद्धा हत्यार ठरते. मे २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या हसलर कॅसिनोच्या थेट प्रक्षेपित खेळात टॉम ड्वॉनच्या हातात राण्यांची जोडी होती आणि रिव्हरवर समोरच्याने सगळे पैसे लावले. पॉट ३१ लाख डॉलरच्या आसपास जाणार होता. ड्वॉन कित्येक मिनिटे बसून राहिला आणि मग त्याने कॉल केला. समोरच्याकडे जोडी न लागलेले एक्का-राजा होते. अमेरिकेत टीव्ही किंवा थेट प्रक्षेपणात खेळलेला तोवरचा तो सर्वांत मोठा पॉट. इतका वेळ लागतो, कारण मागचे तीन टप्पे पुन्हा मनात खेळावे लागतात, प्रत्येक टप्प्यावर कोणकोणते पत्ते गळाले ते पुसावे लागतात.

कॉलच्या गोष्टी लोक आवडीने सांगतात. पण मोठ्या पैजेपुढचा बहुतेक निर्णय पत्ते टाकण्याचाच असतो, आणि या खेळाचे आधुनिक रूप ज्या एका डावाने घडवले तोही टाकलेल्या पत्त्यांचाच आहे.

२००३ चा मे महिना, लास वेगसचा बिनियन्स हॉर्सशू. वर्ल्ड सिरीजच्या मुख्य स्पर्धेत ८३९ जण उतरले होते, शेवटी दोघे उरले. सॅम फर्हा, लेबनॉनमध्ये जन्मलेला, रोख रकमेच्या मोठ्या खेळांत मुरलेला व्यावसायिक. आणि क्रिस मनीमेकर, टेनेसीचा २७ वर्षांचा हिशेबनीस, इंटरनेटवरच्या एका स्वस्त पात्रता-स्पर्धेतून थेट इथवर आलेला. आडनावही खरेच मनीमेकर. पहिले बक्षीस २५ लाख डॉलर, दुसरे १३ लाख.

फर्हाच्या हातात इस्पिकची राणी आणि बदामची नव्वी. मनीमेकरकडे इस्पिकचा राजा आणि बदामची सत्ती. फ्लॉपवर इस्पिकची नव्वी, चौकटची दुर्री, इस्पिकची छक्की. दोघांनी चेक केले. टर्नला इस्पिकची अठ्ठी. फर्हाने ३ लाख लावले, मनीमेकरने ते ८ लाखांवर नेले, फर्हाने कॉल केला. मनीमेकरला एक इस्पिक आला तर फ्लश, म्हणजे एका चिन्हाचे पाच; पंजी किंवा दश्शी आली तर सलग पाच. रिव्हरला आली बदामची तिर्री. त्याला काहीही लागले नाही. पॉट आता १८ लाखांच्या वर गेला होता. फर्हाने चेक केले आणि मनीमेकरने सगळे लावले.

फर्हा बराच वेळ विचार करत होता. तुझा फ्लश हुकलेला दिसतो, असेही तो मोठ्याने बोलून गेला. अचूक निदान. त्याच्या हातातले पत्तेही त्याच्याशी बोलत होते. टेबलावर तीन इस्पिक होते. उरलेल्या दहांतून कोणतेही दोन हाती असले की फ्लश, असे ४५ हात होतात. पण इस्पिकची राणी फर्हाकडेच होती, म्हणून नऊ उरले आणि ४५ चे ३६ झाले. नव्वीचे तीन पत्ते जुळवण्याच्या तीन रीती होत्या, फर्हाच्या बदामच्या नव्वीमुळे एकच उरली. इस्पिकचा राजा किंवा एक्का एकटा धरून चुकलेला हात मात्र तसाच्या तसा शिल्लक होता. समोरच्याचे भारी हात आपल्या पत्त्यांनी कमी करावेत आणि थापा अबाधित ठेवाव्यात, कॉल करणाऱ्याला याहून चांगली जागा क्वचित मिळते. आजचे विद्यार्थी या पत्त्यांना ‘ब्लॉकर’ म्हणतात आणि पहिल्या महिन्यात शिकतात. २००३ साली कोणी शिकवत नव्हते.

फर्हाच्या बाजूनेही एक मुद्दा आहे आणि तो हलका नाही. दोघेच उरल्यावर १३ लाख दोघांचेही पक्के झालेले असतात, भांडण फक्त वरच्या १२ लाखांचे असते, त्यामुळे चिप्स आणि पैसे सरळ प्रमाणात चालतात. पण फर्हा स्वतःला सरस खेळाडू मानत होता आणि तसे मानायला त्याच्याकडे कारण होते. सरस खेळाडू एका डावात सगळे सोडवायला कचरतो, हळूहळू जिंकू म्हणतो. शिवाय समोर हौशी माणूस, आयुष्यातली सर्वांत मोठी संधी त्याच्यासमोर. असा माणूस काहीही नसताना सगळे फेकेल, हे मानायला त्या संध्याकाळी फार धैर्य लागले असते. ते मानायला हवे होते, कारण टर्नवर त्याने तीनाचे आठ केले होते आणि ते करणारा माणूस घाबरलेला नव्हता. फर्हाने आधीच्या टप्प्यातला हा पुरावा तोलला असता तर कॉल जवळ आला असता.

त्याने नव्वीची जोडी टाकून दिली. झाकलेल्या पत्त्यांवर रोखलेल्या कॅमेऱ्यांमुळे टीव्हीवरच्या प्रेक्षकांना दोन्ही हात दिसत होते. हेन्री ओरेनस्टाइन या खेळणी बनवणाऱ्या उद्योजकाने त्या कॅमेऱ्याचे पेटंट १९९५ मध्ये घेतले होते. तो नसता तर हा डाव फर्हा आणि मनीमेकर यांच्यातच राहिला असता. आता तो घराघरांत दिसला. २००४ मध्ये मुख्य स्पर्धेत २,५७६ जण आले, २००५ मध्ये ५,६१९, २००६ मध्ये ८,७७३.

त्या संध्याकाळी मात्र खेळ अजून बाकी होता. थोड्या वेळाने फर्हाला गुलाम आणि दश्शी मिळाली. फ्लॉपवर गुलाम, पंजी, चव्वी. वरची जोडी हातात आली होती. या वेळी त्याने पत्ते टाकले नाहीत, मनीमेकरने वाढवल्यावर स्वतःच सगळे पुढे ढकलले. मनीमेकरने लगेच कॉल केला आणि पंजी-चव्वी उघडी केली. दोन जोड्या. टर्नला अठ्ठी आली. रिव्हरला आणखी एक पंजी.